निळ्या न झालेल्या पेशी

निळा ठिपका नेमका चौकटीच्या रेषेवर बसलेला. आत धरायचा की बाहेर? नियम असा, की वरच्या आणि डाव्या रेषेवरचे धरायचे, बाकीचे सोडायचे. आणि हा डावीकडे होता. तिने बोटाखालचं मोजणीयंत्र दाबलं. मेलेली. शेजारची पेशी मात्र काचेसारखी स्वच्छ, रंगाला दारातच थोपवून धरणारी – ती जिवंत. भिंगाखाली एवढाच न्याय: जिने निळं आत येऊ दिलं, ती गेली.

कुणाच्या तरी अक्कलदाढेबरोबर, त्याच्या संमतीने घेतलेला हिरडीचा एक कण, आणि त्यातून वाढवलेल्या या पेशी. थाळीच्या काही खणांत कर्करोगावरचं औषध, काहींत ताणाखाली शरीर सोडतं ते संप्रेरक, काहींत दोन्ही. बारा वर्षं ती या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. पण खणाकडे बघताना एखाद्या ओळखीच्या माणसाचं तोंड समोर यावं, असं कधी झालं नव्हतं. आज दादाचं येत होतं.

दादाला रक्ताचा कर्करोग. सहापैकी चार डोस झालेले, गुण येतोय असं डॉक्टर म्हणत होते. पण तिसऱ्यानंतर हिरड्यांच्या कडा पांढुरक्या होऊन सोलवटायला लागल्या, चौथ्यानंतर साधं पाणीही झोंबायला लागलं, आणि गाडी शिकवताना तासभर शिकाऊ माणसाचं डोकं खाणारा, घरात सगळे ज्याला रेडिओ म्हणत तो दादा पाटीवर लिहून बोलायला लागला. रविवारी त्याने लिहिलं – पुढचा डोस नको. डोस गुरुवारी होता. आज मंगळवार.

मग तिने काय केलं... फोन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, गोळ्या घ्याव्यात तसे. जेवलास का, गुळण्या केल्यास का, डोस घेणार ना, मुलीचा तरी विचार कर. वहिनी त्याच्या कानाला फोन लावून धरायची आणि इकडून ही बोलत राहायची, पलीकडून नुसता श्वास. एकदा वहिनी हळूच म्हणाली होती, "तुमचा फोन ठेवला की हे भिंतीकडे तोंड करून पडतात, ताई." तेव्हा तिला वहिनीचाच राग आला होता.

या पेशी मरतात तेही कसं – कुणी हाणून पाडल्यासारखं नाही. आधी शेजारणींपासून हात सोडवून घेतात, आक्रसतात, अंगावर बारीक फोड येतात, मग आपलंच सामान लहान लहान गाठोड्यांत बांधून ठेवतात, की मागच्यांना उचलायला सोपं जावं. गडबड नाही, आरडाओरडा नाही. आणि आपल्याला वाटतं, गप्प आहे म्हणजे ठीक आहे.

नुसत्या औषधाच्या खणात शंभरातल्या अठरा निळ्या. दोन्ही घातलेल्या खणात एकेचाळीस. तिने पुन्हा मोजल्या. एकेचाळीसच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ताण किती दिला होता?"

दिवसातून तीन फोन – हे शब्द अगदी ओठांवर आले. तिने घाईने वहीत बघून संप्रेरकाचं प्रमाण सांगितलं.

"हं. पण थाळी म्हणजे माणूस नव्हे, हे विसरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना दादाचं माहीत होतं. "शुक्रवारची थाळी बघितलीस? औषध धुऊन काढलेली?"

तिने ती थाळी भिंगाखाली सरकवली. मधोमध उजाड, आणि कडेकडेने लांबट, चिवट पेशी त्या उजाड जागेत शिरत होत्या – कुणी न सांगता, कुणी न विचारता. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आज चारला निघू का?"

दादा खिडकीशी बसला होता, गार दुधाचा पेला हातात. आज तोंड जरा बरं होतं. शब्द जपून, एकेक करून बाहेर ठेवत होता. तिने काहीच विचारलं नाही. वहिनी दाराशी अवघडून उभी. शेवटी तोच म्हणाला, "आज काय मोजलंस?"

"हिरडीच्या पेशी."

"किती गेल्या?"

"बऱ्याच. औषध काढलं की उरलेल्या परत पसरायला लागतात." मग खरं ते सांगायला हवं म्हणून, "सगळ्या थाळ्यांत नाही."

त्याने एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला. "गुरुवारची भीती वाटते."

वाटेत तिने वीस वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही. "मलाही," ती म्हणाली.

"कधी बोलली नाहीस ते."

"तू तरी कुठे बोललास. पाटी घेऊन बसलास."

तो हसला, आणि दुखलं म्हणून गालाला हात लावला. "शिकाऊ माणसाशेजारी बसतो ना, तेव्हा माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. त्यावर पाय नुसता ठेवायचा. सारखा दाबला की समोरचा गाडी चालवायचंच विसरतो."

"मी दाबतेय."

"कचाकच," दादा म्हणाला, आणि दारातून वहिनीही हसली.

दूध संपायला अर्धा तास लागला. ती निघताना तो म्हणाला, "डॉक्टरांना विचारावं म्हणतो, चार दिवस पुढे ढकलता येईल का. तोवर तोंड भरून येईल." घेईन असं म्हणाला नाही. नाही घेणार, असंही नाही.

जिना उतरताना तिने सवयीने उद्या सकाळच्या फोनची जुळवाजुळव सुरू केली – पहिलं वाक्य काय, दुसरं काय... आणि लक्षात आलं, एकही वाक्य तयार नाही. गुरुवार अजून तसाच होता, अवघड आणि अनोळखी. पण उद्या त्याला काय सांगायचं याच्याऐवजी, तो काय म्हणेल याची तिला उत्सुकता वाटत होती.