तृप्ती बारचे बारा नळ

लाखांदूरच्या तृप्ती बारमध्ये ड्राफ्ट बियरचे नळ किती लावायचे, ह्यावर कैलाश आणि त्याची बायको रीता ह्यांची पंधरा दिवस चर्चा झाली. चर्चा म्हणजे कैलाश बोलायचा आणि रीता तांदूळ निवडायची.

झालं होतं असं, की कैलाश नागपूरला साडूच्या पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेला होता. साक्षगंध आटोपल्यावर साडूनं त्याला एका पबमध्ये नेलं. तिथे काउंटरमागे ओळीनं दहा चकचकीत नळ उभे होते, आणि प्रत्येक नळातून वेगळी बियर येत होती. काउंटरवरच्या माणसानं दहाही बियरींची माहिती सांगितली. कैलाशला त्यातलं अक्षरही कळलं नाही आणि म्हणूनच तो फार भारावला. परतीच्या एसटीत पवनी येईपर्यंत त्याचा हिशेब पक्का झाला होता. नागपुरात दहा असतील तर लाखांदुरात बारा पाहिजेत.

"दोन पुरतेत," रीता सुपातून मान वर न काढता म्हणाली. "एक पिणाऱ्यासाठी, अन् दुसरा, पहिल्यापेक्षा हा वेगळा काय हाय जी, असं इचारणाऱ्यासाठी."

हे बोलणं कैलाशनं हसण्यावारी नेलं असतं, पण बारची इमारत रीताच्या नावावर होती. एकोडीच्या सासऱ्यानं लग्नात जावयाला एकदा नीट पाहून घेतलं होतं आणि मग कागद पोरीच्या नावानं केले होते. त्यामुळे शेवटी रीतानं जे सांगितलं ते ठरलं. बारा तर बारा, एक महिना चालवून दाखवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ती स्वतः येऊन पाहील. बारा नळ नीट चालताना दिसले तर बार राहील. नाही दिसले तर तिथे भोजनालय निघेल, वरण-भात, दोन भाज्या, पोळी. हात धुवायचं बेसिन कुठे बसवायचं तेही तिनं मनात ठरवून टाकलं होतं.

कैलाशला वरण-भाताचं वावडं नव्हतं. पण गेली अठरा वर्षं लोक त्याला 'बारवाले कैलाशभाऊ' म्हणत होते. लग्नाच्या मांडवात हे नाव ऐकलं की चार माणसं आपोआप सरकून जागा करत. 'भोजनालयवाले कैलाशभाऊ' म्हटल्यावर कोण सरकणार होतं? फार तर कुणी म्हणालं असतं, आलेच आहात तर जरा वाढायला लागा.

नागपूरचं एक दुकान बंद पडलं होतं. त्याचा बारा नळांचा जुना काउंटर छोटा हत्ती टेम्पोत घालून कैलाशनं आणला. काउंटर यायच्या आधीच रस्त्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर हात जोडलेला कैलाश, खाली फेसाळलेले बारा ग्लास, आणि 'लाखांदुरात प्रथमच'. हे खोटं नव्हतं. लाखांदुरात दुसऱ्यांदा करायला कुणी मोकळं नव्हतं.

मग बियर कंपनीचा माणूस आला. त्यानं दोनच प्रश्न विचारले. दिवसाला किती ग्लास जातात, आणि इथली माणसं स्ट्राँगशिवाय दुसरं काही पितात का. दोन्ही उत्तरं ऐकून त्यानं चहा मागवला आणि समजावून सांगितलं, की ड्रम एकदा उघडला की थोड्या दिवसांत संपवावा लागतो, नाहीतर आंबतो. बारा ड्रम उघडले तर गावाला आंघोळही बियरनंच करावी लागेल. तो एकच ड्रम देऊ शकत होता, संपला की दुसरा. बाकीच्या अकरा नळांचं काय करायचं, असं कैलाशनं विचारलं, तेव्हा त्यानं चहा संपवला आणि साकोलीची गाडी पकडली.

आता ह्या भागात नळ, पाइप आणि धार ह्यातलं कळणारा एकच माणूस होता, तो म्हणजे डोमा. डोमा शेजारच्या गावच्या तलावाचा पाणकर. तलावाचं तोंड, ज्याला तुडुम म्हणतात, ते उघडायचं आणि धानाच्या एकेका बांधीला, म्हणजे खाचराला, पाळीनं पाणी सोडायचं, हे काम तो तीस वर्षं करत होता. त्यानं ड्रम पाहिला, बारा नळ पाहिले, आणि त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

"तलाव एक, बांध्या बारा," तो म्हणाला. "हे तं माहं रोजचंच काम हाय."

ठिबकचे पाइप आणि जोड वापरून त्यानं एका ड्रमला बाराही नळ जोडून दिले. त्याची अट एवढीच होती, की एका वेळी एकच नळ उघडायचा. दोन उघडले की जोर तुटतो आणि शेवटच्याला नुसता फेस मिळतो. आणि नळ उघडायला दुसरं कुणी हात लावायचं नाही. पाणी सोडायचं काम पाणकराचं.

कैलाशनं नळांवर एक ते बारा आकडे रंगवून घेतले. बियरचं नाव लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. आकडा खोटा कसा होईल? चौथा नळ चौथाच होता.

उद्घाटनाला निकेशभाऊंना बोलावलं होतं. निकेशभाऊ पंचायत समितीचे माजी सदस्य, फीत कापण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भर दुपारी त्यांनी फीत कापली, नळांसमोरच्या पहिल्या टेबलावर बसले आणि पहिला घोट घेऊन दोन शब्द बोलायचे म्हणून घसा साफ केला.

डोमानं पहिला ग्लास भरला आणि तो घेऊन निकेशभाऊंच्या शेजारून सरळ पुढे गेला, पार बाथरूमच्या दारापाशी. तिथे धनीराम बसला होता. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. दुसरा ग्लास त्याच्या अलीकडच्या टेबलावर गेला, तिसरा त्याच्या अलीकडे. तलावाचा कायदाच तसा होता. पाणी आधी टोकाच्या बांधीला, मग वर सरकत सरकत शेवटी तोंडाजवळच्याला. तोंडाजवळचा कोरडा राहत नसतो. तीस वर्षांत डोमानं हा कायदा पाटलासाठीही मोडला नव्हता.

कैलाश त्याच्या कानाशी लागला, पाया पडायचाच बाकी राहिला.

"डोमाभाऊ, पहिले पाव्हण्याले दे ना बापा."

"तोंडावाल्याले आधी देल्लं तं टोकावाल्याले काय भेटन?" डोमा ग्लास तिरपा धरत म्हणाला. "पाळी मोडत नसते."

निकेशभाऊंपर्यंत ग्लास पोचायला सव्वा तास लागला. तोवर त्यांनी दोन शब्दांऐवजी घसाच चार वेळा साफ केला होता. पण माणूस राजकारणातला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि कुणाशी न बोलता बाथरूमच्या दारापाशी जाऊन बसले. आठवड्याभरात सगळी गिऱ्हाइकं तिकडेच दाटीवाटीनं बसू लागली. ज्याला बाथरूमला जायचं असेल त्याला सहा जणांना उठवावं लागे. समोरची टेबलं रिकामी, पंख्याखाली नुसती फिरती हवा. कैलाशनं बाथरूमच पुढे आणता येईल का, म्हणून गवंड्याला विचारून पाहिलं.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली, जिची कैलाशनं कल्पनाही केली नव्हती.

धनीरामचा पहिला ग्लास चार नंबरच्या नळातून आला होता. दुसऱ्यांदा त्याला नऊ नंबरचा मिळाला तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं. चारला एक गोडवा आहे, तो नऊमध्ये नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. चंद्रकुमार गुरुजी, बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यांना हे पटलं नाही. चार पाणचट आहे, खरी बियर सात नंबरची, ती डोक्यात चढते, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दोन आठवड्यांत चारवाले आणि सातवाले एकमेकांच्या टेबलावरचा चिवडा खाईनासे झाले. दोनमुळे ॲसिडिटी होते हे सगळ्यांना मान्य होतं. बपेऱ्याहून जावयाकडे आलेल्या एका म्हाताऱ्याला अकरा नंबरनं गुडघ्याला आराम पडला. त्यानं मुक्काम चार दिवसांनी वाढवला, आणि जावयानं येऊन कैलाशला चांगलंच सुनावलं.

कैलाश आधी मनातल्या मनात हसला. मग हसू थांबलं. एके दिवशी बार उघडण्याआधी त्यानं स्वतः चार आणि सात शेजारी शेजारी ठेवून प्यायले, आणि त्याला वाटलं की सात खरंच जरा कडक आहे.

शेवटचा रविवार उजाडला. दुपारी रीता आली, पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रिकाम्या टेबलावर बसली. बाथरूमच्या दारापाशी बसलेल्यांनी तिला नमस्कार केला आणि आपापल्या नंबरची बाजू सांगायला सुरुवात केली. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"एकेक पाहाले मले टाइम नाई. बाराही संगंच चालू करा."

नळ गरम होतात, नळांची आज सुट्टी आहे, असलं काहीबाही कैलाश बोलला. डोमानं तर सरळ नकार दिला.

"काहून जी?" रीता म्हणाली. "बारा हायेत ना?"

बाईंना आपला नंबर आधी दिसावा म्हणून धनीराम ग्लास घेऊन उठला आणि डोमा आडवा यायच्या आत त्यानं चार नंबर ओढला. ते पाहून गुरुजींनी सात ओढला. मग कुणाचंच कुणाला आवरेना. निकेशभाऊही फीत कापल्यासारखे दोन बोटांनी एक नळ धरून उभे राहिले.

बारा नळांतून बारा वेळा फेस आला. ग्लासात फेस, काउंटरवर फेस, गुरुजींच्या चष्म्यावर फेस. मग ड्रमनं एक लांबलचक ढेकर दिला आणि बाराही नळ एकाच क्षणी थांबले. शेवटचा थेंब कोणत्या नळातून पडला हे सांगता आलं नसतं, इतके ते एकदम थांबले.

सगळे नळांकडे पाहत उभे राहिले. मग एकेक जण खाली वाकून काउंटरखालच्या त्या एकुलत्या ड्रमकडे पाहू लागला.

"तलाव एकच हाय," डोमा खुर्चीवर बसत म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

कैलाशनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांसमोर बेसिन होतं, बेसिनला साबणाची वडी दोरीनं बांधलेली होती.

गुरुजींनी चष्मा सदऱ्याला पुसला. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे पाहावं तसं त्यांनी डोमाकडे पाहिलं.

"असन एकच," ते म्हणाले. "आपल्या तलावाचं पाणीही एकच हाय. म्हणून का टोकाच्या बांधीतला तांदूळ अन् तोंडाच्या बांधीतला तांदूळ सारखाच लागते?"

तिथली सगळी माणसं धानाची, आणि तो तांदूळ सारखा लागत नाही हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. धनीरामनं पंधरा दिवसांत पहिल्यांदा गुरुजींना दुजोरा दिला, फक्त चांगली बांधी म्हणजे चार नंबर, एवढं मान्य करा म्हणाला. गुरुजींनी मान्य केलं नाही. ड्रम रिकामा होता, तरी भांडण पुन्हा भरून आलं.

रीता हे बघत राहिली. तीही एकोडीची, बांध्यांतच वाढलेली.

"म्हणजे बियर बारा नाई," तिनं कैलाशला विचारलं.

"नाई."

"अन् हे लोक उद्या येतीन?"

येणार का म्हणजे काय, असं चारवाले आणि सातवाले एका आवाजात म्हणाले.

वरण-भातावर माणसं इतकी भांडतील, असं रीताला काही वाटेना. ती उठली, पर्स काखेत घेतली.

"अकरा नळ काढा. एक ठेवा. अन् तो फ्लेक्स उतरवा, तुमी त्याच्यात आजारी दिसता."

बार वाचला. कैलाश तिच्या मागे दारापर्यंत गेला आणि त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं. ते आधीच उघडं होतं.

सोमवारी डोमानं अकरा नळ काढले आणि भोकांना चिंध्या गुंडाळलेले लाकडी गुट्टे ठोकले. उरलेल्या नळाचा आकडा कैलाशनं रॉकेलनं पुसून टाकला. सगळ्यात आधी धनीराम आला. त्या एकट्या नळासमोर तो उभा राहिला आणि त्यानं हळूच विचारलं, कोणता ठेवला?

कैलाशनं इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकला.

"तुमचाच. पण कोणाले सांगू नका."

थोड्या वेळानं गुरुजी आले. त्यांनीही हळूच विचारलं. त्यांनाही हळूच सांगितलं. निकेशभाऊंना तर न विचारताच सांगितलं. दिवस मावळेपर्यंत ही गोष्ट एकोणीस जणांना कळली होती आणि एकोणीसही जणांनी ती पोटात ठेवली. चारवाल्यांनी सातवाल्यांना चिवडा दिला, सातवाल्यांनी तो नको न म्हणता खाल्ला. आणि आपापला ग्लास हातात घेऊन प्रत्येक जण बाकीच्या अठरा जणांकडे मोठ्या दयेनं पाहत होता.