घरी न्हाय

सोजरबाईची जुनी कॅसेट कंपनीनं एवढ्या वर्षांनी पुन्हा काढली आणि तेव्हा टाकून दिलेली रेकॉर्डिंगंही सोबत जोडली. त्याचं महिपतींना काही कौतुक नव्हतं. त्या कॅसेटवर पेटी त्यांनीच वाजवली होती, पण तिच्यातली सोजर त्यांना कधी आपली बायको वाटलीच नाही. ती ‘नाही’ म्हणायची. मैंदर्गीच्या घरातल्या सोजरनं जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. आता तर तीही गेली होती.

सोलापूरच्या घरात नातीनं, अंकितानं, मोबाइलवर त्यातलं एक टाकून दिलेलं गाणं लावलं.

“घरी न्हाय माजा धनी...” सोजरनं सूर उचलला, तोच रेकॉर्डिंगवाल्या साहेबांनी तिला थांबवलं. “बाई, न्हाय नको. नाही म्हणा.”

सोजर हसली, अगदी चुलीपुढं हसायची तशी. मग पेटीकडं वळून म्हणाली, “अवं, तुमीच सांगा की. काय म्हनू?”

रेकॉर्डिंग तिथंच संपलं. अंकिता पुढचं गाणं लावायला लागली, तसा महिपतींनी तिचा हात धरला.

“थांब जरा. तिनं मला इचारलंय.”

मोबाइल तोंडाजवळ नेऊन ते हळूच म्हणाले, “न्हायच म्हन, सोजरे.”