आईच्या वहीतली कोरी ओळ

तुम्ही माझ्या बायकोचं नाव मेलेल्यांच्या यादीत छापलंत, साहेब, आणि वर मलाच लिहिता की मूळ प्रत तपासून घ्या.

सगळं लेखी मांडतो, म्हणजे उद्या कळलं नाही म्हणायला नको. मी व्हॅलेरियन, पाचूबंदरचा. शाळा सातवीत सुटली. गोखिवऱ्याच्या कारखान्यात पत्रा कापतो, कामावर जायच्या आधी लिहितो. जानेवारीत तुमच्या मंडळाचं पत्र आलं, माझं पुस्तक काढणार म्हणून. ते मी घरच्या क्रूसाखाली चिकटवलं आणि तीन दिवस मशीनवर शीळ घालत होतो.

पुस्तकाच्या शेवटी आईच्या वहीतली यादी घ्यायची, हा हट्ट माझाच. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी चर्चमधल्या मिस्सात वाचायला फादरकडे नावं द्यावी लागतात, म्हणून आईने घरची गेलेली माणसं लिहून ठेवली होती. नाव, पुढे साल. दर्यात गेलेले जास्त. आमच्या घरची रीत अशी की शेवटच्या नावाला चिकटून आडवी रेघ मारायची. कोरी ओळ माणूस मागते, असं आई म्हणायची. ती गेली तेव्हा तिचं नाव मी लिहिलं आणि रेघही मारली.

पण तुमच्यासाठी प्रत करताना मी लेखक झालो होतो ना. पान सुबक दिसावं म्हणून आईच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली, मग रेघ मारली. ही चूक माझी. कबूल.

पहिलं प्रूफ आलं. त्या ओळीत 'मारिया रीटा'. हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. पुस्तकभर मी तिला नुसतं रीटा म्हटलंय.

रीटा बोंबील साफ करत होती. ओल्या हातानेच वाकून तिने पाहिलं.

"मी मेले कवा? मना कोनी सांगितला नाय." मग म्हणाली, "बायको जिती ठेवून लेखक होता येत नाय का रे?"

आम्ही दोघं हसलो. मी लाल पेनने नाव खोडून पाठवलं.

दुसऱ्या प्रूफात नाव तसंच, आणि पुढे यंदाचं साल : १९९९.

मी तुमच्या कचेरीत येऊन भांडलो. तुमचा माणूस म्हणाला, "आम्ही दिसतं तेच छापतो." आठवड्याने माझ्याच पानाची झेरॉक्स घरी आली. वरची सगळी नावं माझ्या हातची. रीटाची ती एक ओळ तेवढी माझी नाही. त्यातल्या 'र'ची शेपटी उलटी वळवलेली.

रीटाने त्या शेपटीवर बोट ठेवलं.

"आईचा अक्षर हाय," ती म्हणाली.

आईला जाऊन आठ वर्षं झाली.

तेव्हापासून रीटा हसत नाही, रडतही नाही. रविवारी तिने लग्नातले कानातले धाकट्या बहिणीला, लिडियाला, देऊन टाकले. काल मला चुलीजवळ उभं केलं आणि दोन माणसांचा नाही, एकाचाच तांदूळ मोजायला शिकवला. मी ओरडलो. तिने शांतपणे तांदूळ धुतले.

आज दहा डिसेंबर. पुस्तक छापू नका, गेलं खड्ड्यात. मूळ पान तुमच्याकडे आहे. ते कुणाकुणाच्या टेबलावर गेलं, ते लिहा. तुमच्यातल्या कुणी खोडसाळपणा केला असेल तर त्याचं नाव द्या, मी त्याला हातही लावणार नाही. फक्त जिवंत माणसाने लिहिलं एवढं लेखी द्या. मी ते रीटाला वाचून दाखवीन, वर्ष संपायच्या आत.

सांगा साहेब, ती ओळ कुणी लिहिली?