पऱ्हाट्यांचा धूर

योगीराज पेडगावात घरी बसून परदेशी व्हिडिओ गेमसाठी गावं उभी करायचा. एकेक घर हातानं बनवत बसायचं नाही. पत्रे किती, भिंत केवढी, दार कुठल्या बाजूला, असे नियम लिहून द्यायचे. मग कॉम्प्युटर आपणहून शेकडो घरं मांडायचा, एकासारखं दुसरं नाही. या खेपेला गेमवाल्यांना चुलींचा धूरही हवा होता.

दिवाळीनंतर भाऊ-भावजय, शेजारीपाजारी सगळे ऊसतोडीला गेले आणि गल्लीच रिकामी झाली. दिवसभरात त्याच्याशी बोलणारा एकच माणूस उरला, त्याचं काम तपासणारा पुण्याचा रविकांत. तोही कॉलवर, कामापुरता.

"धूर सरळ वर चाललाय रे," रविकांत म्हणाला. "कारखान्याच्या चिमणीसारखा. खरा बघ जरा."

खरा बघायला योगीराज बाहेर पडला. अकरा घरांना कुलूप. शेवटच्या घरात धुरपदाबाई होती. गुडघे गेल्यामुळं पोरानं तिला मागं ठेवलं होतं.

"मावशे, चूल पेटवतीस का? धुराचा व्हिडिओ काढायचाय मला."

"नुसत्या धुरासाठी?" ती हसली. "बस, भाकरी टाकते."

कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या. धूर वर गेलाच नाही. पत्र्याखाली साचला, फटीफटीतून निघाला आणि थंडीनं अंगणातच रेंगाळला. योगीराजनं सगळं मोबाइलवर टिपलं. मग गरम भाकरी, ठेचा. किती दिवसांनी तो कुणासमोर बसून जेवला!

चार दिवस खपून त्यानं तसाच धूर बनवला. रविकांत "झकास" म्हणाला आणि त्यानं कॉल ठेवला. योगीराज लॅपटॉप घेऊन धुरपदाबाईकडं गेला.

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "लय खरा निघालाय की! अन् माणसं कुठंयत?"

"माणसं दुसरं कुनी बनवायलंय, मावशे. माझ्याकडं नुसती घरं."

"अस्सं." तिनं लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. मग म्हणाली, "उद्या सांजच्याला जेवायला ये. एकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी तो गेला, तर दाराला कुलूप. पारावर पलीकडच्या गल्लीतले भगवानराव बसले होते.

"लेक आली दुपारी, चारठान्याला घेऊन गेली तिला," ते म्हणाले. "लय हाका मारल्या की तुला तिनं. होतास कुठं?"

दुपारी तो घरातच होता. कानांवर हेडफोन लावून आगीच्या ठिणग्या बनवत बसला होता.

"घरीच व्हतो," योगीराज म्हणाला.

घरी येऊन त्यानं गॅसवर भात टाकला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला.