थडग्यावरचा गाल

स्तामेनाबाईंच्या जबड्यात हाडाची गाठ होती. कॅन्सर नाही, एवढं बायोप्सीने सांगितलं आणि मग तोंड मिटलं. अशा गाठी दोन जातींच्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात. एक वाढतच राहते, ती हाडासकट काढावी लागते. दुसरी माणसाची वाढ पुरी झाली की वाढायची थांबते, तिच्या वाटेला जाऊ नये. एरवी एक्स-रेत गाठीची कड बघून ओळखता येतं, पण इथे दाढेच्या जुन्या पुवाने कडच पुसून टाकलेली.

"सोमवारी अर्धा जबडा काढतो," सर्जन क्र्समान मला म्हणाला. "तू बस चष्मा पुसत."

या डॉक्टरकीचा मला आताशा वीट आलाय. तरी बाईंना विचारलं, "गाल कधीपासून सुजलाय?"

"गेल्या ईस्टरला सून म्हणाली, तेव्हा कळलं."

"जुना फोटो आहे?"

"पुरात गेले सगळे. नवरा गेला तेव्हा थडग्यावर त्याच्या शेजारी एका फोटोवरून माझाही चेहरा कोरून घेतला, तेवढाच उरलाय. पण त्या पाथरवटाने पार वाट लावली. गाल वाकडा केलाय मेल्याने. अकरा वर्षं झाली, मी त्याच्याशी बोलत नाही."

ड्यूटी संपल्यावर मी पाय ओढत त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेले. काळ्या दगडावर मिशाळ वुकोसाव, शेजारी बाई. बाईंच्या नावाखाली मृत्यूचं साल कोरायला जागा सोडलेली. गालासमोर फुलांची बरणी मुद्दाम ठेवलेली. ती मी सरकवली. दगडातल्या गालावर बोट फिरवलं, मग बाईंच्या गालावर. तोच फुगवटा, तेवढाच.

"पाथरवटाने काही बिघडवलं नाही, बाई. गाठ तेव्हाही एवढीच होती. जबडा कापायचा नाही. वर्षातून एकदा दाखवून जा."

मला वाटलं, बाई हसतील. त्या कट्ट्यावर बसल्या.

"ज्या फोटोवरून हे कोरलं, तो यानेच काढला होता. मुलाच्या लग्नात." त्या वुकोसावकडे बघत राहिल्या. "म्हणजे याला दिसत होतं?"

"दिसत असणारच."

"कामावर निघताना याच गालाचा पापा घ्यायचा. रोज. आणि एका शब्दाने बोलला नाही शहाणा."

मी क्र्समानला फोन लावायला बाजूला झाले. बाईंनी फुलांची बरणी उचलली आणि नवऱ्यासमोर ठेवली.