सातव्या फोटोतली भेग

अख्खं झाड एका फोटोत मावत नाही, आणि खरं सांगायचं तर माणसाच्या नजरेतही मावत नाही. आपण बुंधा बघतो, मान वर करून फांद्या बघतो, तोवर बुंधा विसरलेला असतो. म्हणून फोटोग्राफर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकावर एक अकरा फोटो काढायचा आणि ते जोडून माणसाहून उंच चित्र करायचा. "अख्खं झाड बघायचं तर माझ्याकडे या," असं छाती फुगवून सांगायचा.

शाळेच्या अंगणातल्या झाडाचा सातवा फोटो हलला. परत जायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं पाचव्या फोटोतली साल उचलून तिथं बेमालूम चिकटवली. कोणाच्या बापाला कळणार होतं? कळलंही नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकानं चित्र जिन्यात लावलं.

सहा महिन्यांनी नेमक्या त्याच जागेवरून फांदी मोडली आणि माळीकाकांच्या खांद्यावर पडली. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. झाडांची निगा माळ्याकडे, तेव्हा ठपकाही माळ्यावर. बाईंनी त्यांना कामावरून काढायचं ठरवलं.

हे ऐकल्यापासून फोटोग्राफरला घास गोड लागेना. त्यानं मूळ सातवा फोटो उघडला. हललेलाच, पण फांदीच्या बेचक्यात हातभर भेग स्पष्ट दिसत होती. तरीही काकांकडे जायला गृहस्थानं आठ दिवस लावले.

काका खाटेवर बसले होते. हात गळ्यात, डोळ्यांवर नवा जाड चष्मा.

"काका, तुम्हाला भेग दिसली नव्हती?"

"दिसली होती की! बाईंना सांगायला निघालो, तर जिन्यात तुमचं चित्र. भेग काही कालची नव्हती, चित्रात असायला हवी होती. निरखून बघितलं, खोड धडधाकट! म्हटलं, कॅमेरा कशाला खोटं बोलेल? आपलेच डोळे गेले. बाईंना तसं लिहूनही दिलंय, चूक माझीच म्हणून."

धरणीनं पोटात घ्यावं असं फोटोग्राफरला वाटलं. "कॅमेरा नाही, मी खोटं बोललो," तो कसाबसा म्हणाला, आणि त्यानं लॅपटॉप उघडून सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा काढला. पडद्यावरच्या भेगेवरून बोट फिरवलं.

"हीच! अगं, ऐकलंस का? डोळे चांगले आहेत माझे!"

काका पोरासारखे हसत होते. त्यांनी कानाखाली दोन वाजवल्या असत्या, तर त्याचा जीव हलका झाला असता. हे हसणं त्याला सोसवेना.

काकू बाहेर आल्या. त्यांनी फोटो पाहिला, नवऱ्याचा गळ्यातला हात पाहिला, मग पाहुण्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

"हे बाईंना कोण सांगणार?"

"मी. आत्ताच जातो."

"थांबा, मी सोबत येते," काकू चपला घालत म्हणाल्या. "एकटे गेलात तर वाटेतून परत फिराल."