कानशीने बसवलेली रॅम

किल्लीवाल्याच्या दुकानावर पाटी होती: 'जुनी किल्ली किंवा कुलूप सोबत आणावे. तोंडी वर्णनावर किल्ली मिळणार नाही.' पाटी त्याने स्वतः रंगवली होती, आणि ती न वाचता आत शिरणाऱ्याला तो मोठ्या आनंदाने परत पाठवायचा.

त्याची बायको घरी बसून छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावायची. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा. सहाशे पानांचा शब्दकोश शुक्रवारी द्यायचा होता, आणि दर दहाव्या पानाला पडदा गोठत होता. या वेळी उशीर झाला तर पुढची कामं दुसरीकडे जातील, असं छापखान्याच्या मॅनेजरने अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"रॅम वाढवायला हवी," ती सोमवारी म्हणाली. "कॉम्प्युटरवाला दुकानदार म्हणतो, आतली जुनी काढून आणा, बघून तशीच देतो."

"ती कशाला न्यायची? पाहिलीये मी. हिरवी पट्टी, मधे खाच. तीस वर्षं मी खाचाच बघतोय."

कॉम्प्युटरच्या दुकानात त्याने दोन हात हवेत धरून लांबी दाखवली.

"मशीन कधीचं आहे? डीडीआर थ्री लागेल का फोर?" दुकानदाराने विचारलं.

"मोठा नंबर द्या. घरच्यासाठी नेतोय, हलकं नको."

दुकानदाराने फोर दिली. "बसली नाही तर जशीच्या तशी परत आणा."

मंगळवारी ती बसेना. खाच जराशी सरकलेली होती. दुसरा कोणी असता तर पट्टी परत डबीत गेली असती. किल्लीवाल्याने कानस काढली.

"अहो, हे काय करताय?"

"जरा मोकळी करतो. नवी आहे, घट्ट असायचीच."

घासून, दाबून, गुडघा टेकवून त्याने ती बसवली. कॉम्प्युटरने तीनदा लांब शिट्टी मारली आणि गप्प झाला.

"आवाज आला म्हणजे जीव आहे," किल्लीवाला म्हणाला. मग कंपन्या हल्ली माप पाळत नाहीत, यावर तो जेवण होईपर्यंत बोलला.

बुधवारी तिने जुनी पट्टी रुमालात गुंडाळली, घासलेली पिशवीत टाकली आणि स्वतः गेली. दुकानदाराने जुन्या पट्टीवर चिकटवलेला कागद वाचला आणि खणातून तशीच एक वापरलेली काढून दिली. मग किल्लीवाल्याची पट्टी उजेडात धरली.

"वहिनी, हिला कोण चावलं?"

"घरचेच आहेत," ती म्हणाली. "परत घेता का?"

"चावलेलं नाही घेत."

शब्दकोश शुक्रवारी दुपारी छापखान्यात पोचला. मॅनेजरने पुढचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. ते घेऊन ती सरळ नवऱ्याच्या दुकानात गेली आणि ती घासलेली पट्टी दोऱ्याने पाटीच्या खिळ्याला बांधली. त्याने पाहिलं, पण काढली नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि दोन बोटांनी हवेत किल्ली काढून दाखवू लागलं. किल्लीवाल्याने सवयीने पाटीकडे हात उचलला, बायकोकडे पाहिलं, आणि हात हळूच डोकं खाजवायला नेला.

"कुलूप आणा हो," तो नरमाईने म्हणाला. "लांब असेल तर मी येतो तिकडे."

गिऱ्हाईक वर बघत होतं. "आणि ही कशाची किल्ली?"

"सांगा की त्यांना," बायको म्हणाली.

"ती विकायची नाही," किल्लीवाला म्हणाला.